एका जागी बसतो त्याला विचारा

दहावीचा शेवटचा पेपर झाला आणि पाच जणांनी
आमच्या गच्चीवर सतरंजी टाकून ठरवलं:
चिखलदरा. चार दिवस. मोठं कुणी नाही.
मी सांडगे गोळा करायला वर येत होते,
जिन्यातच थांबले, रिकामा डबा पोटाशी धरून.

हो म्हणायला मला नऊ दिवस लागले.

मग एका रविवारी त्यांना इतवारीत सोडलं.
पाचही फोन माझ्या पर्समध्ये,
वेडावल्यासारखे थरथरत.
अजनीपर्यंत या, म्हटलं, विचारत विचारत.
कुणाला विचारायचं? दीक्षितानं भुवई उचलली.
जो एका जागी बसतो त्याला.
कुलपं दुरुस्त करणारा, फुलांची पाटी घेऊन बसलेली बाई,
उद्याही जे तिथंच असणार आहेत,
ती माणसं सहसा खोटी वाट सांगत नाहीत.
आपणहून वाट दाखवायला येईल
त्याला लांबूनच हात जोडा.

अडीच तास लागले त्यांना.
ओजसच्या शर्टावर तर्रीचा डाग,
गांधीसागराला चुकून दोन चकरा,
आणि हुमेरा सांगत होती, काकू,
कुलूपवाल्या चाचांनी स्वतः उठून
आम्हाला स्टूल दिलं, आळीपाळीनं बसलो.
हे काही मी शिकवलं नव्हतं.

मी मेयोत नर्स आहे, मला सगळं नोंदवून लागतं.
कुणाला दमा, कुणाची पाळी कधी,
कुणाला घाटात उलटी होते,
सगळ्यांना सगळ्यांचं ठाऊक पाहिजे.
लाजायचं ते घरी ठेवून जा.
सुमेध कानापर्यंत लाल झाला,
मग त्यानंच वही ओढली आणि लिहिलं:
हुमेरा, पंप, निळा, बॅगचा डावा कप्पा.
खाली स्वतःचं नाव. पुढे: उलटी. नक्की.

आणि एका संध्याकाळी गच्चीवर
फक्त ‘नाही’ म्हणायचा सराव.
मी अनोळखी माणूस झाले, लगट करणारी मावशी झाले,
‘चला पोरींनो, गाडीत जागा आहे’ म्हणणारा ड्रायव्हर झाले.
त्यांचं नाही आधी हसत निघालं,
मग माफी मागत,
मग साध्वीचं असं निघालं
की समोरच्या हेडाऊंनी खिडकी उघडली:
काय झालं वो बाई?
काही नाही, मी म्हटलं, अभ्यास.

एप्रिलची सकाळ, गणेशपेठ, सहा वीसची अमरावती.
पुढे परतवाड्याला गाडी बदलायची,
हे मी सातव्यांदा सांगितलं.
पिशवीतून पाच कांदे काढले,
ऊन फार आहे, खिशात ठेवा,
आणि फोनवर ते लोकेशनचं चालू ठेव, दीक्षू,
चोवीस तास, मला फक्त ठिपका दिसेल,
मी काही बोलणार नाही.

तिनं कांदा घेतला.
मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, नाही.
हसत नाही. माफी मागत नाही.
रोज रात्री नऊला मी फोन करीन, म्हणाली. ठिपका नाही.

मला त्या क्षणी
चांगलं शिकवल्याचा राग आला.

गाडी गेली. मागच्या काचेतून एक हात हलला,
कुणाचा ते धुळीत कळलं नाही.
मी परत जायचं सोडून
स्टँडच्या चहावाल्यापाशी उभी राहिले.
वेळापत्रक मला तोंडपाठ होतं,
तरी विचारलं, भाऊ, सहा वीसची गाडी
अमरावतीला किती वाजता पोचते?

त्यानं गाळणी आपटली. साडेनऊ, पावणेदहा.
कोन गेलं?
पोरगी.
एकलीच?
नाही, पाच जण आहेत.
मंग काऊन भेता बाई, म्हणाला,
आणि न विचारता
अर्धा कप आणखी ओतला.